इष्टतम कोणाचे? नरेंद्र करमरकर यांचे गणित व मुलुंडचा थांबा

१

वाहतुकीचे नियोजन आणि क्रियात्मक संशोधन या शास्त्रांचा विचार भाषेच्या व समीक्षेच्या अभ्यासकांनी करावा काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्यातील सिद्धांतांची सत्यासत्यता ठरविणे हे गणितज्ञांचे काम होय व त्यात इतरांनी हस्तक्षेप करण्याचे कारण नाही. तथापि कोणतेही शास्त्र केवळ सिद्धांतांवर उभे नसते. ते आपल्या सिद्धांतांना नावे देते, त्या नावांच्या साहाय्याने समाजापुढे काही दावे मांडते आणि समाज ते दावे आपल्या परीने समजून घेतो. सिद्धांत आणि दावा यांमध्ये जे अंतर पडते ते बहुधा शब्दांत पडते. म्हणून त्याची तपासणी हा भाषेच्या अभ्यासकाच्या अधिकारातील विषय ठरतो.

या दृष्टीने नरेंद्र करमरकर यांच्या विद्याव्यासंगाइतके बोधप्रद उदाहरण मराठी माणसाला दुसरे क्वचितच सापडेल. ग्वाल्हेरच्या एका मराठी कुटुंबात जन्मलेला, मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेला हा गणितज्ञ १९८४ मध्ये एकाएकी जगप्रसिद्ध झाला. मात्र गेल्या चाळीस वर्षांत त्याच्या कार्याविषयी जे लिहिले गेले, त्यात गौरव पुष्कळ व विवेचन थोडे असा प्रकार आढळतो. त्या कार्याचे स्वरूप काय, त्याची मर्यादा कोणती आणि त्याच्या संदर्भात वापरला जाणारा ‘इष्टतम’ हा शब्द नेमके काय सांगतो व काय लपवितो, या तीन प्रश्नांची चिकित्सा येथे योजिली आहे. उदाहरणासाठी पवईपासून काही मैलांवरील मुलुंड हे उपनगर घेतले आहे. बृहन्मुंबईच्या सीमेवरील या गावी रेल्वेचा थांबा, जकातीचा नाका व टोलनाका हे वाहतूकशास्त्राचे तीनही चिरपरिचित प्रश्न एकत्र नांदले आहेत.

२

करमरकरांनी ज्या प्रश्नाला हात घातला त्याची परंपरा जुनी आहे. फ्रेंच गणितज्ञ मोंज याने १७८१ मध्ये असा प्रश्न विचारला होता की, एका ठिकाणची माती खणून दुसऱ्या ठिकाणी भराव घालावयाचा असेल, तर कोणती माती कोठे नेल्याने एकंदर वाहतुकीचे श्रम सर्वांत कमी होतील? १९३० मध्ये सोव्हिएट रशियात टॉलस्टॉय नावाच्या संशोधकाने हाच प्रश्न रेल्वेच्या मालवाहतुकीला लावला. मीठ, सिमेंट इत्यादी माल १० ठिकाणांहून ६८ ठिकाणी कसा धाडावा याचे उत्तर त्याने काढून दाखविले. १९३९ मध्ये लेनिनग्राडच्या कांटोरोविचने उत्पादनाच्या नियोजनाची व्यापक मांडणी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हिचकॉक व कूपमन्स यांनी वाहतुकीच्या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार केला. कूपमन्सचा संबंध तर प्रत्यक्ष जहाजांच्या नियोजनाशी होता. अखेरीस १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग याने सिंप्लेक्स ही पद्धत सिद्ध केली आणि ‘रेषीय नियोजन’ हे शास्त्र आकाराला आले. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक कांटोरोविच व कूपमन्स यांना मिळाले. डँट्झिगला त्यातून वगळण्यात आले याची खंत अनेकांना वाटली.

येथे पारिभाषिक संज्ञेविषयी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. इंग्रजीतील ‘प्रोग्रॅमिंग’ या शब्दामुळे हे शास्त्र संगणकाला आज्ञा देण्याच्या विद्येची एखादी शाखा असावी, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः डँट्झिगच्या काळी अमेरिकेच्या लष्करात ‘प्रोग्रॅम’ या शब्दाचा अर्थ शिबंदी, शिक्षण व रसद यांचे वेळापत्रक असा होता. म्हणून ‘नियोजन’ हा मराठी प्रतिशब्द मूळ आशयाला अधिक जवळचा आहे. ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नावाचाही उगम युद्धातच आहे. ब्रिटनमध्ये रडार हे यंत्र नव्याने हाती आले असता, ते प्रत्यक्ष मोहिमेत कसे वापरावे याचा जो अभ्यास झाला त्यातून हे नाव रूढ झाले. यातील ‘ऑपरेशन’ म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, तर मोहीम. मोहिमेला सेनापती असतो व मोहिमेचे साध्य तो ठरवितो, हे गृहीत या शास्त्राच्या नावातच दडलेले आहे. पुढील विवेचनात या गृहीताचे महत्त्व दिसून येईल.

रेषीय नियोजनाचा गाभा स्थूलमानाने असा सांगता येईल. निर्णय घ्यावयाच्या राशी म्हणजे चल. त्यांवरील मर्यादा म्हणजे बंधने. आणि ज्याचे मूल्य लघुतम वा महत्तम करावयाचे ते उद्दिष्ट-फल. सर्व बंधने पाळणारे बिंदू एकत्र केले म्हणजे अनेक पैलूंच्या हिऱ्यासारखी एक आकृती तयार होते. उत्तर असेल तर ते या आकृतीच्या एखाद्या शिरोबिंदूवर सापडतेच. सिंप्लेक्स पद्धत एका शिरोबिंदूवरून कडेकडेने शेजारच्या अधिक चांगल्या शिरोबिंदूवर जाते व याप्रमाणे उत्तरापर्यंत पोहोचते. व्यवहारात ती उत्तम चालते. परंतु १९७२ मध्ये क्ली व मिंटी यांनी अशी एक आकृती रचून दाखविली की, तिच्यात डँट्झिगच्या नियमाने चालणाऱ्या या पद्धतीला प्रत्येक शिरोबिंदूला भेट द्यावी लागते. चलांची संख्या ५० असली तर असे शिरोबिंदू अकरा कोटी कोटींहून अधिक होतात.

१९७९ मध्ये खाचियान या सोव्हिएट गणितज्ञाने विवृत्तघनांच्या साहाय्याने चालणारी अशी एक पद्धत दिली की, जिचे श्रम चलसंख्येच्या एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेत राहतात. सैद्धांतिक दृष्ट्या हा मोठाच विजय होता. व्यवहारात मात्र ती पद्धत सिंप्लेक्सच्या पासंगालाही पुरली नाही. वृत्तपत्रांनी तर फिरत्या विक्रेत्याचा अगदी वेगळा व कठीण प्रश्नही तिने सुटला, असा गैरसमज पसरविला. सिद्धांत आणि दावा यांत पडलेल्या अंतराचे या शास्त्रातील हे पहिले ठळक उदाहरण होय.

३

करमरकर १९७८ मध्ये पवईहून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेस गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले व बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. कार्प यांच्यासमवेत १९८२ मध्ये त्यांनी पेट्या भरण्याच्या प्रश्नावर केलेले काम गौरवग्रंथांत सहसा उल्लेखिले जात नाही. निरनिराळ्या आकारांच्या वस्तू कमीत कमी पेट्यांत कशा बसवाव्यात, हा तो प्रश्न. मालमोटारी भरणाऱ्या कोणत्याही गुदामातील हिशेबनिसाला तो परिचित आहे. अचूक उत्तराचा हट्ट सोडून त्याच्या अगदी निकट नेणारी कार्यक्षम पद्धत त्यांनी सिद्ध केली. करमरकरांची बुद्धी कोणत्या जातीची आहे हे या कामात आधीच दिसते. रूढ मार्गाची डागडुजी करण्यापेक्षा प्रश्नाचे भूमितीय रूपच बदलून टाकण्याकडे तिचा कल आहे.

१९८४ मध्ये बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी ‘काँबिनेटोरिका’ या नियतकालिकात रेषीय नियोजनाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. तिचे मर्म असे. सिंप्लेक्स आकृतीच्या कडेकडेने चालते. करमरकरांची पद्धत आकृतीच्या अंतर्भागातून चालते. प्रत्येक पावलाला प्रक्षेपी रूपांतर करून चालू बिंदू आकृतीच्या मध्यावर आणला जातो. मध्यावर असलेल्याला सर्व दिशांना मोकळीक असते, त्यामुळे पुढचे पाऊल लांब टाकता येते. खाचियानच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीचे श्रम चलसंख्येच्या २.५ व्या घाताच्या प्रमाणात कमी होतात, असे त्यांनी सिद्ध केले. चलसंख्या १०,००० धरली तर हे प्रमाण शंभर कोटींपैकी दहा कोटींचे वगैरे नव्हे, तर सरळ दहा अब्जांपट होते. अर्थात ही तुलना सर्वांत प्रतिकूल प्रसंगाची आहे.

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर दिली. त्यानंतर दोन परस्परविरोधी आख्याने रूढ झाली आणि आजतागायत तीच चालू आहेत.

पहिले आख्यान गौरवाचे. त्यानुसार एका तरुण भारतीयाने जगातील सर्व वाहतूक व नियोजन यांचे कोडे एका झटक्यात सोडविले. मराठी व इतर भारतीय भाषांतील लेखन बहुतांशी याच आख्यानाची पुनरुक्ती करते. दुसरे आख्यान उपेक्षेचे. त्याचे म्हणणे असे की, या पद्धतीत नवे फारसे नव्हते. सोव्हिएट गणितज्ञ डिकिन याने १९६७ मध्येच तिचे एक सोपे रूप दिले होते; १९८६ मध्ये गिल, मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, १९५० व १९६० च्या दशकांत प्रचारात असलेल्या लघुगणकीय अडसराच्या पद्धतीशी तिचे निकटचे नाते आहे. शिवाय ही पद्धत सिंप्लेक्सपेक्षा कित्येक पटींनी वेगवान आहे असा दावा केला गेला, पण तो पडताळून पाहण्यासाठी लागणारी संगणक-आज्ञावली कंपनीने गुप्त ठेवली. १९८८ मध्ये तर पद्धतीवर एकस्वच मिळविण्यात आले. गणिताच्या एका पद्धतीवर कोणाची मालकी असू शकते काय, असा वाद त्यावरून माजला.

निःपक्षपाती परीक्षकाला ही दोन्ही आख्याने अपुरी वाटतील. उपेक्षेच्या आख्यानातील तपशील खरे आहेत, पण निष्कर्ष खरा नाही. डिकिनची पद्धत विस्मृतीत गेली होती आणि श्रमांची हमी देणारी सिद्धता त्याच्यापाशी नव्हती. अडसराची पद्धत माहीत होती, पण रेषीय प्रश्नांसाठी ती कालबाह्य मानून बाजूला टाकलेली होती. या जुन्या गोष्टी पुन्हा उजेडात आल्या त्या करमरकरांच्या निबंधामुळेच. पूर्वसूरींचा शोध लागावयास उत्तरसूरीची गरज पडावी, हा प्रकार वाङ्मयाच्या इतिहासात नवा नाही. १९८९ च्या सुमारास जपानी संशोधकांनी आणि १९९२ मध्ये संजय मेहरोत्रा यांनी या पद्धतीला जे रूप दिले, त्यावर आजच्या बहुतेक संगणकप्रणाली चालतात. दुसऱ्या बाजूने, स्पर्धा निर्माण झाल्याबरोबर सिंप्लेक्सच्या पुरस्कर्त्यांनीही आपली पद्धत कमालीची सुधारली. ज्या ग्रंथामुळे त्याचे प्रतिस्पर्धी सुधारतात, तो ग्रंथ यशस्वीच म्हटला पाहिजे.

गौरवाच्या आख्यानातील दोष निराळा आहे. ते करमरकरांच्या मुखी असा दावा घालते की, जो त्यांच्या मूळ निबंधात नाही. निबंध केवळ रेषीय नियोजनाविषयी बोलतो. वाहतुकीचे बहुतेक बिकट प्रश्न रेषीय नसतात. हा मुद्दा मुलुंडच्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

४

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी गाडी ज्या मार्गाने धावली, तो मार्ग मुलुंडवरूनच जातो. मध्य रेल्वेच्या या मार्गावर धीम्या व जलद अशा दोन प्रकारच्या गाड्या चालतात. धीम्या गाड्या मुलुंडला थांबतात. जलद गाड्यांपैकी काही थांबतात व काही थांबत नाहीत. कोणती जलद गाडी मुलुंडला थांबवावी, हा क्रियात्मक संशोधनाचा अगदी पाठ्यपुस्तकी प्रश्न आहे.

तो गणिताच्या भाषेत मांडून पाहू. प्रत्येक जलद गाडीसाठी एक चल घ्यावा. गाडी थांबली तर त्याचे मूल्य १, न थांबली तर ०. उद्दिष्ट-फल म्हणजे सर्व प्रवाशांच्या प्रवासवेळेची बेरीज. ती लघुतम करावयाची. समजा, कल्याणच्या बाजूने येणाऱ्या एका गाडीत मुलुंडपाशी ३,००० माणसे आहेत व थांब्यामुळे प्रत्येकाची २ मिनिटे जातात. हा तोटा ६,००० प्रवासी-मिनिटांचा. समजा, मुलुंडला ३०० माणसे तीत चढतील व धीम्या गाडीच्या तुलनेने प्रत्येकाची १५ मिनिटे वाचतील. हा लाभ ४,५०० प्रवासी-मिनिटांचा. तेव्हा गाडी थांबवू नये, असे उत्तर येते. गाडीत ३,००० ऐवजी २,००० माणसे असती तर तोटा ४,००० वर आला असता आणि उत्तर उलटले असते.

या मांडणीतून पहिली मर्यादा लक्षात येते. थांबा हा ० किंवा १ असतो. गाडी मुलुंडला अर्धी थांबवता येत नाही. रेषीय नियोजन मात्र ०.४ थांबा असे उत्तर निःसंकोचपणे देऊ शकते, आणि अंतर्भागातून चालणारी पद्धत तर स्वभावतःच आकृतीच्या मध्याकडे झुकते. मोंज किंवा टॉलस्टॉय यांच्या मालवाहतुकीच्या प्रश्नाची रचना अशी आहे की, पुरवठा व मागणी पूर्णांकी असतील तर त्याचे शिरोबिंदू आपोआप पूर्णांकी येतात. तेथे ही अडचण उद्भवत नाही. थांबे, वेळापत्रके, चालकांच्या पाळ्या यांच्या बाबतीत ती उद्भवते. करमरकरांच्या पद्धतीवर आधारलेली ‘कोर्बेक्स’ नावाची प्रणाली एटीअँडटी या कंपनीने १९८८ मध्ये बाजारात आणली, तिची किंमत ८९ लक्ष डॉलर होती, व अमेरिकी हवाई दलाच्या वाहतूक विभागाने आणि डेल्टा या विमान कंपनीने ती वापरली, हे खरे आहे. परंतु विमानांच्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावताना ही पद्धत फक्त पायथ्याचा प्रश्न सोडविते. त्यावर पूर्णांकांची चढण स्वतंत्रपणे चढावी लागते. त्या चढणीवरील श्रमांची तशी हमी अद्याप कोणासही देता आलेली नाही. ‘सर्व वाहतुकीचे कोडे सुटले’ हे विधान म्हणून सपशेल चुकीचे आहे.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे व ती गणिताची नसून भाषेची आहे. वरील हिशेबात कल्याणच्या प्रवाशाचे एक मिनिट आणि मुलुंडच्या प्रवाशाचे एक मिनिट समान धरले. हे कोणी ठरविले? धीम्या गाडीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाच्या मिनिटाला दीडपट वजन द्यावे असे म्हटले, तर मुलुंडचा लाभ ४,५०० वरून ६,७५० होतो व गाडी थांबवावी असे उत्तर येते. गणित तेच, पद्धत तीच, संगणकही तोच. बदलले ते केवळ एक वजन. आणि ते वजन कोणत्याही सिद्धांतातून निघत नाही.

शिवाय प्रवाशाला जे हवे असते ते नेहमी मिनिटांत मोजता येतेच असे नाही. सकाळच्या वेळी ठाण्यापर्यंत उलटा प्रवास करून, तेथून सुटणाऱ्या गाडीत जागा धरून पुन्हा आपल्याच स्थानकावरून मुंबईकडे जाणारा प्रवासी या मार्गावर अपरिचित नाही. वेळेच्या उद्दिष्ट-फलाच्या दृष्टीने हा माणूस विसंगत वागतो. वस्तुतः त्याचे उद्दिष्ट-फल निराळे आहे: त्याला बसावयास हवे आहे. त्याचे वागणे चुकीचे नसून प्रतिमानच त्याच्याविषयी अज्ञानी आहे.

रेल्वेच्या व्यवहारात मुंबईतील गर्दीसाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी संज्ञा रूढ झाली आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असणे, असा तिचा अर्थ. या संज्ञेतील ‘लोड’ हा शब्द मालाला लावावयाचा आहे. माणसाला माल म्हटले की त्याच्या गुदमरण्याचे रूपांतर घनतेच्या एका आकड्यात होते आणि तो आकडा बंधन म्हणून प्रतिमानात निमूटपणे जाऊन बसतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलगाड्यांतील प्रवासी रुळांवर पडले व त्यांपैकी काही मृत्युमुखी पडले. दारात लोंबकळणारी माणसे ही ज्या हिशेबात केवळ वाहनक्षमतेचा भाग असतात, त्या हिशेबाने काढलेले उत्तर गणिती दृष्ट्या निर्दोष असूनही ते मान्य करावे काय, हा प्रश्न अशा वेळी केवळ तात्त्विक राहत नाही.

५

आता मूळ शब्दाकडे वळू. इंग्रजीतील ‘ऑप्टिमम’ हा शब्द लॅटिनमधील ‘चांगला’ या अर्थाच्या विशेषणाचे उत्तमत्वदर्शक रूप आहे. ‘सर्वांत चांगले’ असे म्हटले असता, कोणाच्या मते चांगले हे सांगण्याची व्याकरणाला गरज भासत नाही. चांगुलपणा वस्तूतच आहे असा भास होतो. भारतीय भाषांनी मात्र त्यासाठी ‘इष्टतम’ हा शब्द स्वीकारला. यातील ‘इष्ट’ हे ‘इष्’ म्हणजे इच्छिणे या धातूचे कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित आहे. इष्ट म्हणजे इच्छिलेले. कर्मणी रूप आले की कर्त्याची आकांक्षा निर्माण होते: कोणी इच्छिलेले? पाणिनीने तर इच्छा, ज्ञान व पूजा या अर्थांच्या धातूंची अशी रूपे वर्तमानार्थी मानून त्यांचा कर्ता षष्ठी विभक्तीत येतो असा नियमच घालून दिला आहे. आणि टीकाकारांनी त्याचे उदाहरण म्हणून जो इष्ट सांगितला तो राजांना इष्ट आहे. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. इष्टाला षष्ठी लागते, आणि ती षष्ठी उच्चारली नाही तर राजाची समजली जाते.

याच्या तुलनेत ‘लघुतम’ व ‘महत्तम’ हे शब्द पाहावेत. लघु व महत् ही शुद्ध विशेषणे आहेत. त्यांना कर्ता नको. दोन संख्यांपैकी लहान कोणती हे कोणाच्याही इच्छेवर अवलंबून नसते. यावरून एक महत्त्वाचा भेद हाती येतो. सिंप्लेक्स काय, करमरकरांची पद्धत काय, त्या उद्दिष्ट-फलाचे लघुतम मूल्य देतात. इष्टतम देत नाहीत. लघुतमाला इष्टतम म्हणणे ही गणिती क्रिया नव्हे. उद्दिष्ट-फल ज्याने लिहिले त्याची इच्छा सर्वांची इच्छा म्हणून स्वीकारणे, अशी ती एक सामाजिक क्रिया आहे. ‘मोहीम’ या शब्दात दडलेला सेनापती येथे पुन्हा प्रकट होतो. युद्धात साध्य एकच असते व ते ठरविणारा एकच असतो. म्हणून तेथे लघुतम व इष्टतम यांतील भेद जाणवत नाही. उपनगरात तो पदोपदी जाणवतो.

मुलुंडच्या जकातनाक्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. जकात होती तोवर, म्हणजे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत, मुंबईत शिरणाऱ्या मालमोटारींना येथे रांग लावावी लागे. रांगांच्या शास्त्राप्रमाणे खिडक्या वाढविल्या की रांग घटते व खर्च वाढतो; या दोहोंच्या बेरजेचे लघुतम काढता येते. पण महापालिकेच्या हिशेबात खिडकीवरील कारकुनाचा पगार असतो, मोटारचालकाची रात्र नसते. ती हिशेबात धरली तर उत्तर एक येते, न धरली तर दुसरे. आणि तिसरे उत्तर, म्हणजे नाकाच नको हे, त्या प्रतिमानाच्या कोणत्याही चलात नव्हते. ते कायद्याने आले. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळालेली टोलमाफी याच प्रकारची होय. जेव्हा निर्णय आकृतीच्या बाहेर असतो, तेव्हा आकृतीच्या कडेने चालणारा व अंतर्भागातून चालणारा असे दोघेही त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत.

६

यावर गणितज्ञांचा आक्षेप अपेक्षित आहे व तो रास्तही आहे. ते म्हणतील की, उद्दिष्ट-फल देणे हे व्यवहार पाहणाऱ्याचे काम. आमचे काम दिलेल्या प्रश्नाचे उत्तर शीघ्र व अचूक काढणे. करमरकरांच्या निबंधावर या दृष्टीने कोणताही दोष येत नाही. त्यांनी श्रमविभागाची मर्यादा काटेकोरपणे पाळली आहे. दोष आहे तो त्या मर्यादेचे भान न ठेवणाऱ्या भाष्यकारांचा.

तथापि एवढ्याने विषय संपत नाही. शीघ्रता ही स्वतःच एक नैतिक शक्यता निर्माण करते आणि करमरकरांच्या कार्याचे खरे मोल येथे आहे असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. ज्या काळी एक उत्तर काढण्यास आठवडा लागत असे, त्या काळी एकच उद्दिष्ट-फल घेऊन त्याचे उत्तर शिरोधार्य मानणे भाग होते. आता उत्तर काही क्षणांत मिळत असेल, तर एकाऐवजी शंभर उद्दिष्ट-फले मांडून पाहता येतात. मुलुंडच्या प्रवाशाला समान वजन दिले तर काय, दीडपट दिले तर काय, दर चौरस मीटरला आठांहून अधिक माणसे उभी राहू नयेत असे बंधन घातले तर त्यासाठी किती जादा गाड्या लागतील, या सर्वांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवता येतात. रेषीय नियोजनात प्रत्येक बंधनाला एक छायामूल्य असते: ते बंधन किंचित सैल केल्यास उद्दिष्टात किती फरक पडेल याचे ते माप. ० व १ च्या प्रश्नांत हे मूल्य तसेच्या तसे मिळत नाही, पण प्रश्न पुन्हा सोडवून फरक पाहता येतो. अशा प्रकारे प्रत्येक इच्छेची किंमत लोकांपुढे मांडणे, हे या शास्त्राचे सर्वांत प्रामाणिक रूप ठरेल. निर्णय मग ज्यांनी घ्यावयाचा त्यांनी घ्यावा, पण तो गणिताच्या नावावर खपवू नये.

करमरकरांची पुढील वाटचाल या संदर्भात लक्षणीय आहे. फुल्कर्सन पारितोषिकासारखे सन्मान पदरी असताना त्यांनी रेषीय नियोजनाच्या परिष्करणात आयुष्य घालविले नाही. सान्त प्रक्षेपी भूमितीच्या आधारे समांतर संगणकाची रचना कशी करावी, याकडे ते वळले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अध्यापन केले व पुढे पुण्यात महासंगणकाच्या उपक्रमाशी त्यांचा संबंध आला. या उत्तरार्धाला पूर्वार्धाइतकी प्रसिद्धी लाभली नाही. चरित्रकारांना यात अपेक्षाभंग दिसतो. परंतु पेटीभरणापासून महासंगणकापर्यंत एकच सूत्र स्पष्ट आहे: प्रश्नाची भूमिती बदला म्हणजे मार्ग आपोआप जवळ येतो. एका विद्याव्यासंगाची एकात्मता त्याच्या कीर्तीवरून नव्हे, तर अशा सूत्रावरून ठरवावी.

मराठीतून हे शास्त्र शिकविणाऱ्यांना या चिकित्सेतून एक व्यावहारिक सूचना निष्पन्न होते. ‘इष्टतम’ हा शब्द टाकून इंग्रजी शब्द स्वीकारण्याचे कारण नाही. उलट तो मूळ शब्दापेक्षा अधिक सत्यवादी आहे. मात्र तो षष्ठीवाचून वापरू नये. ‘हे इष्टतम वेळापत्रक आहे’ असे विद्यार्थ्याने लिहिले, तर ‘कोणाचे?’ हा प्रश्न समासात लिहून उत्तरपत्रिका परत करावी. गाडी मुलुंडला थांबेल किंवा थांबणार नाही. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला त्या निर्णयामागील षष्ठी कळण्याचा अधिकार आहे.